पेंटरच्या हातचं अक्षर

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा जिल्हा झाला. त्या घटनेबद्दल बोलताना लोक राजकारणाची गोष्ट सांगतात, नेत्यांची सांगतात, पुढे झालेल्या प्रगतीची सांगतात. पण नवा जिल्हा झाला की सगळ्यांत आधी लागतात त्या पाट्या. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, कोषागार, शिक्षणाधिकारी. शिवाय औसा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलेलं असणार, ते खरवडून ‘जि. लातूर’ करायचं. सोसायटीचं दार, दूध संकलन केंद्र, ग्रामपंचायत, बँकेची शाखा, सगळीकडे तेच. संगणकावर छापलेला फलक तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता. नव्या जिल्ह्याचं नाव गावोगाव कुणीतरी शिडीवर चढून, डब्यात ब्रश बुडवून, हाताने लिहिलं.

२०२३ मध्ये उस्मानाबादचंच नाव धाराशिव झालं, तेव्हा पाटी बदलण्यासाठी ब्रशवाला माणूस शोधायची गरज फारशी उरली नव्हती. या दोन बदलांच्या मधल्या चाळीस वर्षांत मराठवाड्यातल्या पेंटरचा धंदा भरात आला, उतरणीला लागला आणि वेगळ्या वाटेने टिकूनही राहिला. कलेच्या इतिहासात या माणसाला जागा मिळालेली नाही, कारण त्याचं काम दालनात टांगलं गेलं नाही. ते किराणा दुकानावर होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होतं, शाळेच्या आवारभिंतीवर होतं. माझ्या मते नांदेड-लातूरकडच्या माणसाने आयुष्यात जितकी चित्रं आणि जितकी अक्षरं बघितली, त्यांतली निम्म्याहून अधिक याच माणसाच्या हातची होती.

या भागातल्या पेंटरला एक गोष्ट पुण्या-नाशिकच्या पेंटरपेक्षा जास्त यावी लागत असे, ती म्हणजे लिप्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. कचेरीची भाषा उर्दू होती. संस्थान गेलं तरी बाजारातली उर्दू गेली नाही. आजही नांदेडच्या जुन्या पेठांत उर्दू पाट्या दिसतात. त्यात नांदेडला सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, इथली मुख्य वास्तू उभी राहिली. देशभरातून यात्रेकरू येतात, त्यामुळे लॉजपासून ढाब्यापर्यंत गुरुमुखी हवीच. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे गेलं की तेलुगू गिऱ्हाईक, उदगीर-निलंग्याकडे बिदर जवळ म्हणून कानडी. इंग्रजी तर सगळीकडेच.

ही अक्षरं नुसती वेगवेगळी नाहीत, ती फळ्यावर वेगवेगळ्या पद्धतीने बसतात. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं, म्हणून पेंटर वरची रेघ आधी आखतो. उर्दूच्या नस्तालीक वळणात सरळ रेघच नसते. शब्द उजवीकडून सुरू होतो आणि तिरका खाली उतरत जातो, त्यामुळे तीन शब्दांच्या नावालाही उंचीची बरीच जागा द्यावी लागते. तेलुगू आणि कानडी गोलाईच्या लिप्या, त्यांना डोक्यावरची सलग रेघ नाही. गुरुमुखीत शिरोरेषा आहे, पण तिथे फसगत दुसरीच. गुरुमुखीतला ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो आणि तिथला ‘म’ आपल्या ‘भ’सारखा. देवनागरीवर हात बसलेला माणूस डोळे मिटून नक्कल करायला गेला तर अनर्थ व्हायचा. पेंटरला त्या लिपीत पत्र लिहिता येत नसे, कित्येकदा वाचताही येत नसे. पण कोणत्या अक्षराचं पोट किती फुगवायचं आणि कोणती टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक असे. मजकूर गिऱ्हाईकाने कागदावर लिहून आणायचा, आकार पेंटरने द्यायचा, आणि लावण्यापूर्वी त्या भाषेच्या जाणकाराने एकदा नजर टाकायची, असा व्यवहार.

आता एक पाटी लिहिताना जवळून बघू. मजकूर घेऊ या ‘कृषी सेवा केंद्र’. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या मोंढ्याजवळ अशा पाट्यांची रांग लागलेली असते. लोखंडी अँगलच्या चौकटीवर पत्रा ठोकलेला. त्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, गंज धरू नये म्हणून. तो वाळला की जमिनीचा रंग, समजा पिवळा, तोही दोन वेळा. मग खडूत घोळलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीने उचलून सोडायचा. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. अशा चार रेघा लागतात, आणि खरी विद्या या चार रेघांतच आहे.

नवशिका पोरगा दोनच रेघा मारतो, अक्षराच्या डोक्याची आणि पायाची, आणि उपलब्ध उंची सगळी अक्षराला देऊन टाकतो. मग ‘कृ’चा खालचा आकडा चौकटीला धडकतो, ‘षी’ची वेलांटी वर मावत नाही, आणि ‘कें’वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही आले की घाम फुटतो. जाणता पेंटर अक्षराच्या अंगाला साधारण निम्मी उंची देतो, उरलेली वर-खाली वाटतो. रुंदीचा हिशोब त्याहून नाजूक. इंग्रजी मोठ्या लिपीत ‘आय’सारखी एक-दोन अक्षरं सोडली तर बाकीची जवळपास सारख्या रुंदीची. मराठीत ‘र’ बोटभर जागेत उभा राहतो आणि ‘क’, ‘ष’, ‘क्ष’ ऐसपैस बसतात. अक्षरं मोजून पत्र्याची रुंदी भागली तर शेवटचं ‘केंद्र’ चेपतं. म्हणून पेंटर आधी खडूने हलकं लिहून काढतो, चार पावलं मागे सरकतो, डोळे किलकिले करून बघतो, धोतराच्या सोग्याने किंवा फडक्याने दोन अक्षरं पुसतो, पुन्हा लिहितो. या मागे सरकण्याला तो पैसे लावत नाही, पण पाटी तिथेच ठरते.

मग रंग. चपट्या ब्रशने आधी अक्षराची कड ओढायची, एका दमात, मनगट न हलवता, खांद्यातून. हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात आडवी काठी धरून उजवा हात तिच्यावर टेकवायचा. कड झाली की आत भरणं पोराचं काम. मग सावली. ऊन वरून डावीकडून येतंय असं धरून सावली बहुधा उजवीकडे आणि खाली टाकतात, आणि पाटीवरच्या सगळ्या अक्षरांनी ते एकच ऊन पाळलं पाहिजे. एका अक्षराची सावली चुकून डावीकडे गेली तर गिऱ्हाईकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाटी त्याच्या डोळ्याला खुपत राहते.

धंदा शिकायची रीत जुनीच. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा दिलेला, पुढे शिकायला पैसा नसलेला मुलगा गावातल्या पेंटरकडे जायला लागतो. पहिले काही महिने ब्रश रॉकेलमध्ये धुणं, डबे उचलणं, शिडी धरणं. मग भरणं. मग बॉर्डर. अक्षर सगळ्यांत शेवटी. एटीडी करून कलाशिक्षक झालेलेही सुट्टीत हेच काम करत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायच्या, हा यातला अभ्यासक्रम. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांना दिलेली वळणं अशाच कात्रणांतून मुंबईबाहेर पोचली. मुंबईतल्या अक्षरकाराचं वळण किनवटच्या टेलरच्या दुकानावर दिसावं, याला नक्कल म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. छापखान्यापासून दूर असलेल्या गावात चांगलं अक्षर पोचायचा तो एक रस्ता होता.

वर्षाचं गणित सणांवर आणि जयंत्यांवर. पाडवा, दसरा, दिवाळी म्हणजे नव्या दुकानांच्या पाट्या. जूनमध्ये शाळा. निवडणूक आली की भिंती, कापडी फलक, रात्रीचा दिवस. आणि एप्रिल. १४ एप्रिलच्या आधी बाबासाहेबांचे फलक, कमानी, वस्तीच्या वेशीवरची नावं. पुढे १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठवाड्यात पाटीवरचं नाव ही साधी बाब नाही. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्याने त्यात फार सोसलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठाच्या दारावरच्या एका नावासाठी जवळपास सोळा वर्षं लोक लढले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ सुरू झालं. या सोळा वर्षांत वस्तीच्या कमानीवर निळ्या रंगात बाबासाहेबांचं नाव लिहिणारा पेंटर नुसतं गिऱ्हाईकाचं काम करत नव्हता. ती पाटी म्हणजे आम्ही इथे आहोत हे सांगणं होतं, आणि ते सांगायला धैर्य लागत होतं. सार्वजनिक भिंतीवर नाव मोठ्या अक्षरांत येण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न या भागात ब्रशच्या टोकाशी उभा राहिला.

माणसांचे चेहरे काढायची पद्धत चौकोनांची. फोटोवर किंवा कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडायचे, भिंतीवर तितकेच मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेका चौकोनातली रेघ उचलून तिकडे न्यायची. छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र असेल तर समोर बहुतेक वेळा एकच नमुना असतो, सरकारी कचेऱ्यांत लावलेला. तो काढणारे जी. कांबळे कोल्हापूरचे, आणि सिनेमाचे भव्य बॅनर रंगवणारे. ‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरात लागला, त्याचे फलकही त्यांचेच. राज्य सरकारने महाराजांचं अधिकृत चित्र म्हणून स्वीकारलं ते या बॅनर रंगवणाऱ्या हाताचं. कोल्हापूरच्याच बाबूराव मेस्त्रींनी (१८९०–१९५४) आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, मग स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतात. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत. कोल्हापूरला दरबाराचा आणि चित्रपटाचा आधार होता, मुंबईला बाजाराचा. नांदेड-लातूरच्या पेंटरला यांपैकी काही मिळालं नाही, त्यामुळे त्याची गुणवत्ता पाटीतच राहिली.

त्याचं दालन म्हणायचं तर जत्रा. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार असतो, तमाशाचे फड येतात. फडाच्या दर्शनी पडद्यावर, मौत का कुआँच्या फळ्यांवर, जादूच्या प्रयोगाच्या फलकांवर पेंटरला मोकळा हात मिळे: भडक गुलाबी, पोपटी, डोळे पुरते उघडलेली वाघाची तोंडं. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा, तिथेही तसंच.

आणि वाहनं. ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बंद केलं, कारण त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. ‘आईचा आशीर्वाद’ मात्र बंद झालेला नाही. तो पाटीवर ‘आशिर्वाद’ असा ऱ्हस्व भेटतो आणि मुलं तोच शिकतात, ही या धंद्याची खरी उणीव आहे. नंबर प्लेटचा खेळ वेगळाच होता. इंग्रजी आकड्यांत ४१४१ असा क्रमांक मिळाला की पेंटर चारची शेपटी वळवून ‘द’ करी, एकाचा काना, वरून एक शिरोरेषा, आणि झालं ‘दादा’. २१४ चा तसाच ‘राम’. नियमाने हे चालत नाही, दंड बसतो, तरी एमएच २४ आणि एमएच २६ दोन्हीकडे ही हौस होती. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच ठराविक नंबर प्लेट येते, आणि पेंटरचं ते काम संपलं.

मोठा घाव त्याआधीच बसला होता, फ्लेक्सचा. या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या छपाईची यंत्रं जिल्ह्याच्या गावी आली. दोन दिवसांची पाटी तासाभरात, फोटोसकट, आणि स्वस्त. वाढदिवसाला कुणी ऑइल पेंटचा फलक लावला नसता. फ्लेक्स लावला गेला. काही पेंटर संगणक शिकले, कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करू लागले, आणि त्यांचे फलक इतरांपेक्षा बरे होते, कारण अक्षराला श्वास घ्यायला जागा द्यायची सवय हातात होती. बाकीच्यांचं वय निघून गेलं होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने मराठीला छपाईत फार मोठा आधार दिला, पण डिझायनरने त्यातली चार-सहा वळणंच पुन्हा पुन्हा वापरली. पूर्वी उदगीरची पाटी आणि हदगावची पाटी वेगळ्या ओळखता येत, कारण हात वेगळे होते. आता दोन्ही गावांत एकच अक्षर, तेही रुंदीत बसवायला आडवं ताणलेलं. ताणलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा तेवढीच राहते. अक्षराचा तोल जातो. हे बघवत नाही, इतकंच सांगतो.

जुना काळ सगळा चांगला होता असंही नाही. पिवळ्या, नारिंगी, लाल इनॅमल रंगांत शिसं असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पिढीने हात रॉकेलने पुसून त्याच हातांनी भाकरी खाल्ली. शिडीवरून पडलेल्याला विमा नव्हता, पावसाळ्यात काम नव्हतं, आणि उधारी राहिली तर लिहिलेली पाटी परत आणता येत नव्हती.

तरी पेंटर संपला नाही, कारण भिंत संपली नाही. फ्लेक्स भिंतीला चिकटत नाही आणि दोन उन्हाळ्यांत फाटतो. सरकारला वर्षानुवर्षं टिकणारं अक्षर हवं असतं. कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणापासून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’पर्यंत प्रत्येक मोहीम खेड्यात पेंटरच्या हातून पोचली. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे जुनी वेस नव्हती, पार नव्हता. गावाचं नाव सांगायला पाटीच होती. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा भिंती पुन्हा रंगल्या. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांनी ‘बोलक्या भिंती’ मनावर घेतल्या.

बोलकी भिंत हे या धंद्यातलं सगळ्यांत मोलाचं काम आहे असं मला वाटतं. वऱ्हांड्यात मुलाच्या उंचीवर बाराखडी, पायऱ्यांवर आकडे, खांबावर फूटपट्टी, मागच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. गोदावरी कुठून येते आणि मांजरा तिला कुठे मिळते हे पुस्तकात अंगठ्याएवढं असतं, भिंतीवर ते मुलाला बोटाने चालून जाता येतं. म्हणून इथे पेंटरच्या चुकीला माफी नाही. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत जाते, भिंतीवरची चूक तीन-चार तुकड्या पाठ करतात. चांगले शिक्षक खडूचं लिखाण पक्कं होण्याआधी पेंटरजवळ उभे राहतात.

कायद्यानेही काही दारं उघडली आहेत. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या बॅनरवर देशभर बंदी आहे. अंमलबजावणी गावागणिक वेगळी, पण कापडाचा आणि पत्र्याचा विचार पुन्हा होऊ शकतो.

दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांकडून पूर्ण वर्णमाला लिहून घेऊन तिचे संगणकीय फाँट करण्याचा प्रकल्प चालवला; ‘पेंटर कफील’सारखे फाँट लिहिणाऱ्याच्याच नावाने निघाले. त्यात भर इंग्रजी अक्षरांवर होता. देवनागरीत हे काम कित्येक पटींनी मोठं आहे. बाराखडी पुरत नाही, जोडाक्षरं शेकड्यांनी लागतात: द्ध, द्व, ष्ट्र, ह्य, श्र. आणि मराठीचा म्हणून एक खास आकार लागतो, ‘ऱ्य’, डोक्यावर रफार न चढता पुढे आडवा येणारा. हिंदीसाठी घडवलेल्या कित्येक फाँटांत तो बसतच नाही, मोडून येतो. नांदेड-लातूरच्या मोंढ्यातला पेंटर तो आयुष्यभर लिहीत आला, कारण कृषी केंद्राच्या पाटीवर दुसऱ्या ओळीत ‘शेतकऱ्यांसाठी’ असतंच. साठीच्या पुढचे असे हात अजून गावोगाव आहेत. त्यांच्यासमोर कापड पसरून, रोजगार देऊन, एकेकाची पूर्ण अक्षरमाला जोडाक्षरांसकट लिहून घ्यायला हवी, आणि ती लिहून घेताना कोपऱ्यात त्यांचं नाव त्यांनाच घालू द्यायला हवं.